डोक्याने जोडलेली जुळी वेगळी करणारी रुग्णालयं: तास मोजू नका, शिरा विचारा

या शस्त्रक्रियेची बातमी आली की मथळ्यात तास असतात. २२ तास, २७ तास, ५० तास. मग डॉक्टरांचा आकडा, मग शस्त्रक्रियागृहाबाहेरचा सगळ्या चमूचा फोटो. रुग्णालयाचा दर्जा या आकड्यांवरून कळत नाही. तो कळतो दोन गोष्टींवरून. मेंदूतून माघारी जाणारं रक्त पुढे कुठल्या वाटेने जाणार, याचा आराखडा किती बारकाईने केला आहे, ही पहिली. दोन शस्त्रक्रियांच्या मधे हात बांधून थांबायची तयारी किती आहे, ही दुसरी. या निकषांवर लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बालरुग्णालयाची सेवा कशी ठरते ते इथे पाहू. टप्प्याटप्प्याने वेगळं करण्याची सगळ्यात आखीव पद्धत आज तिथली आहे. तुलनेसाठी न्यूयॉर्कचं माँटेफिओरी आणि आपलं दिल्लीचं एम्स घेतलं आहे.

आधी ‘अनुभवी’ या शब्दाचा अर्थ समजून घ्यायला हवा. डोक्याने जोडलेली जुळी साधारण २५ लाख जन्मांमागे एक, असा हिशेब दिला जातो. त्यामुळे हर्नियाच्या डॉक्टरकडे असतो तसा हजारोंचा अनुभव इथे कुणाकडेच नसतो. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटने २००६, २०११ आणि २०१९ मध्ये अशी जुळी वेगळी केली, आणि एवढ्या अनुभवावर ते जगात आघाडीवर आहेत. ‘आम्ही याआधी सयामी जुळी वेगळी केली आहेत’ असं कुठलं रुग्णालय सांगत असेल तर ती कुठे जोडलेली होती हे लगेच विचारा. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात २०१४ मध्ये ओटीपोटाशी जोडलेल्या बहिणी वेगळ्या झाल्या. ते काम मोठंच होतं, पण ते वेगळं शास्त्र आहे. सामायिक यकृत कापून दोघांत वाटता येतं आणि ते पुन्हा वाढतंही. मेंदूची मुख्य शीर अशी वाटता येत नाही. (ज्यांच्यामुळे ‘सयामी’ हा शब्द आला ते चँग आणि एंग छातीच्या खालच्या टोकाशी जोडलेले होते. डोक्याच्या जोडाशी त्यांचा काही संबंध नाही.)

जोडाचे प्रकार चार. मेंदूचे सर्जन जेम्स गुडरिच आणि स्टोन यांनी २००६ मध्ये ही मांडणी केली आणि आज बहुतेक ठिकाणी तीच वापरतात. प्रकार दोन प्रश्नांवरून ठरतो: दोन मुलांच्या शरीरांचा अक्ष सरळ एका रेषेत आहे की कोनात, आणि मेंदूवरचं जाड आवरण, म्हणजे ड्युरा, प्रत्येकाचं स्वतंत्र आहे की दोघांत मिळून एकच पोकळी आहे. आवरणं स्वतंत्र असतील तर जोड ‘अंशतः’ म्हणायचा, आणि काम तुलनेने सोपं असतं. पोकळी एकच असेल तर जोड ‘पूर्ण’, आणि खरी अडचण तिथे सुरू होते.

ती अडचण अशी. आपल्या डोक्यात कवटीच्या आतून मधोमध, कपाळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत एक मोठी शीर जाते: सुपीरियर सॅजिटल सायनस. मेंदूच्या वरच्या भागाचं रक्त तिच्यात पडतं आणि मानेकडे उतरतं. पूर्ण जोडात, त्यातही सरळ रेषेतल्या जोडात, ही शीर तिच्या नेहमीच्या जागी नसतेच. त्याऐवजी दोन मेंदूंच्या सीमेवर, बांगडीसारखी गोल, एक सामायिक शीर असते. दोन्ही मेंदूंच्या छोट्या शिरा दोन्हीकडून तिच्यात येऊन पडतात. बांगडी एक आणि मुलं दोन. धमन्यांचं इतकं नडत नाही. सीमा ओलांडणाऱ्या धमन्या बहुधा मोजक्या असतात आणि एकेक करून बंद करता येतात. माघारी जाणारं रक्त मात्र अडलं की मेंदू सुजतो, त्यात रक्तस्राव होतो आणि तो भाग मरतो.

हे आज कळलेलं नाही. डिसेंबर १९५२ मध्ये शिकागोत ब्रॉडी बंधूंना वेगळं केलं तेव्हाच ते समोर आलं होतं. तिथे सामायिक शीर एकाच भावाला मिळाली. तो जगला आणि दुसरा साधारण महिन्याभराने गेला. १९८७ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये बाइंडर बंधूंना एकाच बैठकीत, २२ तासांत, शरीर थंड करून आणि हृदयं तासभर थांबवून वेगळं केलं. दोघं वाचले, पण दोघांच्याही मेंदूला जबर इजा झाली. जुलै २००३ मध्ये सिंगापूरला इराणच्या २९ वर्षांच्या बिजानी बहिणींसाठी मांडीतली शीर काढून पर्यायी वाट तयार करायचा प्रयत्न झाला. ती वाट टिकली नाही आणि दोघीही गेल्या. यातली एकही चूक निष्काळजीपणाची नव्हती. जे काम शरीराला करायला महिने लागतात ते एकाच बैठकीत उरकायचा आग्रह, एवढंच त्या सगळ्यांत समान होतं.

टप्प्यांची पद्धत यावरचा उपाय आहे. माँटेफिओरीत गुडरिच आणि प्लास्टिक सर्जन डेव्हिड स्टाफेनबर्ग यांनी फिलिपीन्सच्या आगिरे बंधूंना ऑक्टोबर २००३ ते ऑगस्ट २००४ या काळात चार टप्प्यांत वेगळं केलं. दर वेळी मोजक्याच शिरा बांधायच्या, कवटी झाकायची, काही आठवडे थांबायचं. रक्ताला जुनी वाट बंद मिळाली की ते खोलवरच्या आणि टाळूच्या शिरांमधून नवी वाट शोधतं आणि त्या शिरा हळूहळू रुंद होतात. पुन्हा स्कॅन करून वाट मोकळी झाल्याची खात्री करायची, मगच पुढच्या शिरेला हात घालायचा. लंडनने हीच पद्धत उचलली आणि तिला जास्त शिस्त लावली.

लंडनच्या सेवेचं सगळ्यात खुलं उदाहरण म्हणजे पाकिस्तानातल्या चारसद्द्याच्या साफा आणि मारवा. मेंदूचे सर्जन ओवैस जिलानी आणि कवटी-चेहऱ्याचे सर्जन डेव्हिड डनावे यांच्या हाताखाली सुमारे १०० जणांचा चमू होता. ऑक्टोबर २०१८ ते फेब्रुवारी २०१९ या काळात तीन मुख्य शस्त्रक्रिया झाल्या, एकूण वेळ ५० तासांहून जास्त. पहिल्या वेळी धमन्या तोडल्या. दुसऱ्या वेळी शिरा, आणि दोन मेंदूंच्या मधे प्लास्टिकचा पातळ पडदा सरकवून ठेवला. त्यानंतर त्वचा वाढवायची तयारी. ११ फेब्रुवारी २०१९ ला उरलेला जोड सोडवला आणि मुलींच्याच हाडांचे तुकडे जुळवून दोन कवट्या झाकल्या.

त्या पडद्याबद्दल दोन शब्द जास्त. टप्प्याटप्प्याने काम करण्याची मोठी किंमत म्हणजे चिकटणं. पहिल्या वेळी सुटा केलेला भाग काही आठवड्यांत पुन्हा एकमेकाला धरतो. दुसऱ्या वेळी तोच भाग सोडवताना मेंदूच्या पृष्ठभागावरून थेंब थेंब रक्त येत राहतं आणि ते कुठून येतंय तेच सापडत नाही. मधे गुळगुळीत पडदा असला की मेंदू त्याला चिकटत नाही, आणि पुढच्या वेळी तोच पडदा ‘इथपर्यंत झालं आहे’ याची खूणही ठरतो. पण पडदा परकी वस्तू आहे. जखमेतून मेंदूभोवतीचं पाणी झिरपलं तर जंतू आधी त्यालाच धरतात. पडदा घालण्याइतकंच त्याच्यावरची शिवण पाणी न झिरपेल अशी घालणं महत्त्वाचं, आणि हे काम तासांच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

याच उदाहरणात सेवेची मर्यादाही दिसते. बांगडीसारखी शीर कुणाला द्यायची? साधारण नियम असा की ज्या बाळाची खोलवरची रक्तवाट कमकुवत आहे त्याला मोठा वाटा द्यायचा. इथे अशक्त असलेल्या मारवाला मुख्य शीर दिली गेली. त्यानंतर साफाला पक्षाघात झाला आणि तिची डावी बाजू अधू राहिली. हे रुग्णालयाने किंवा सर्जनने लपवलेलं नाही. जिलानींनी त्या निर्णयाचं ओझं जाहीर मुलाखतीत सांगितलं. आमच्या दृष्टीने ही या सेवेची जमेची बाजू आहे. ‘दोन्ही मुलं सुखरूप’ यापलीकडे काहीच न सांगणाऱ्या केंद्राकडून पुढच्या कुटुंबाला काही शिकायला मिळत नाही.

दुसरी मर्यादा वयाची. या चमूच्या मते सहा महिने ते एक वर्ष हा सगळ्यात चांगला काळ. मेंदू स्वतःला सावरून घेतो, ड्युरावर हाड पुन्हा धरतं, त्वचा लवकर भरते. साफा-मारवा लंडनला पोचल्या तेव्हा १९ महिन्यांच्या होत्या, कारण पैसे उभे राहायला वेळ लागला. खर्च सुमारे १० लाख पौंड, तो एका उद्योजकाने उचलला. ब्रिटनच्या सरकारी योजनेत परदेशी मुलांचा असा खर्च बसत नाही. म्हणजे शास्त्र लवकर या म्हणतं आणि हिशेबखातं थांबा म्हणतं. हा दोष सर्जनचा नाही, पण सेवेचा आहेच.

त्यावर त्यांनी काढलेला मार्ग आम्हाला मूळ रुग्णालयापेक्षाही जास्त कामाचा वाटतो. जिलानी आणि डनावे यांनी ‘जेमिनी अनट्वाइन्ड’ नावाची धर्मादाय संस्था काढली. मुलांना लंडनला आणण्यापेक्षा आराखडा आणि अनुभव मुलांच्या देशात न्यायचा. २०२१ मध्ये इस्रायलच्या बीरशेबा इथे, २०२२ मध्ये रिओ दी जानेरोत, २०२४ मध्ये अंकारात स्थानिक चमूसोबत शस्त्रक्रिया झाल्या. रिओचं उदाहरण सगळ्यात अवघड. भावांचं वय जवळजवळ चार वर्षांचं, आणि आधीच्या प्रयत्नांमुळे आत सगळे व्रण. एकूण सात शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या शेवटच्या दोनच ३३ तासांच्या. लंडन आणि रिओचे सर्जन डोळ्यांवर व्हीआर चष्मे चढवून एकाच आभासी खोलीत, त्या भावांच्या स्कॅनवरून बनवलेल्या प्रतिमेवर आधी सराव करत होते.

या व्हीआरचं आणि त्रिमितीय छपाईच्या कवट्यांचं कौतुक बरंच होतं. थोडं भान ठेवायला हवं. प्रतिकृती तिच्यामागच्या स्कॅनइतकीच खरी असते. संगणकावर शिरा ‘रंगवताना’ करडेपणाची मर्यादा जरा वर ठेवली की दोन-तीन मिलिमीटरच्या शिरा चित्रातून गायब होतात, आणि नेमक्या याच शिरा मेंदूतून बांगडीकडे जात असतात. चित्र स्वच्छ दिसतं, सगळे खूष होतात, आणि प्रत्यक्षात हाड उचललं की आराखड्यात नसलेली शीर समोर येते. दुसरी चूक वेळेची. स्कॅनमध्ये रक्ताची वाट दिसावी म्हणून टोचायचं रंगद्रव्य एका बाळाला टोचलं की ते दुसऱ्याच्या डोक्यात किती सेकंदांनी उमटतं ते बघायचं असतं, त्यावरून रक्ताची देवघेव कळते. दोघांना एकाच वेळी टोचलं तर ही माहिती हातची गेली. चांगलं केंद्र एकाला टोचून पूर्ण फेरी बघतं, मूत्रपिंडांना उसंत देऊन दुसऱ्याला टोचतं, आणि शंका राहिलीच तर जांघेतून नळी घालून धमन्यांचं वेगळं चित्रण करतं.

एमआरआयची व्यथा वेगळी. डोक्यासाठीची कॉइल, म्हणजे डोक्याभोवती बसवायचा संकेत टिपणारा भाग, एका डोक्यासाठी बनवलेली असते. इथे दोन डोकी आणि दोन्ही बाजूंना दोन शरीरं, म्हणून अंगावर गुंडाळायच्या लवचीक कॉइल वापराव्या लागतात आणि चित्र थोडं भुरकट येतं. सरळ रेषेतली जुळी यंत्राच्या बोगद्यात लांबीने मावतात. कोनात जोडलेली असली तर कुणाचा तरी खांदा अडतो. शिवाय चुंबकाच्या खोलीत चालतील अशी भुलीची दोन यंत्रं लागतात. बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत असं यंत्र एकच असतं. हे आधी विचारलं नाही तर मुलं उपाशी ठेवून, भुलीची तयारी करून परत पाठवायची वेळ येते.

भूलतज्ज्ञांचं काम कुठल्याच बातमीत नीट येत नाही, म्हणून इथे जरा रेंगाळतो. दोन मुलं, दोन पूर्ण चमू, दोन यंत्रं, आणि सगळ्याला रंग: समजा एकाला लाल, दुसऱ्याला निळा. नळ्या, सिरिंजा, रक्ताच्या पिशव्या, तपासणीच्या बाटल्या, डोक्यावरच्या टोप्यासुद्धा. कारण तेराव्या तासाला ‘बाळाचा दाब पडला’ एवढं कुणी ओरडलं आणि कुठलं बाळ ते कळलं नाही, तर औषध चुकीच्या हातात जातं. औषधाचा डोस हा दुसरा पेच. एकाला दिलेलं औषध दुसऱ्याला पोचतं, पण सारखं पोचत नाही आणि लगेचही पोचत नाही. दोघांचं एकत्र वजन करावं लागतं, कारण वेगळं करून तोलता येत नाही. त्याच्या निम्म्यावर हिशेब धरून थोडं थोडं देत, दोघांच्या यंत्रांच्या पडद्यांवर बघत जायचं. श्वासनलिकेत नळी घालताना एका बाळाची मान हलवली की दुसऱ्याचं डोकं आपोआप हलतं, त्यामुळे दुसऱ्याला धरायला वेगळा माणूस लागतो.

आणि टेबल. साध्या मेंदूच्या शस्त्रक्रियेत रक्त कमी यावं म्हणून डोकं थोडं वर घेतात. सरळ जोडलेल्या जुळ्यांत टेबल कलवलं की एकाचं शरीर खाली जातं आणि दुसऱ्याचं वर. खाली गेलेल्याचं डोकं हृदयाच्या वर येतं आणि उघड्या शिरेतून हवा आत ओढली जाते. वर गेलेल्याच्या डोक्यात रक्त साचतं. म्हणून टेबल सपाट ठेवायचं आणि ते मोह होऊनही हलवायचं नाही. श्वासातला कार्बन डायऑक्साइड अचानक घसरला तर हवा गेली असं धरून जखम सलाइनने भरायची, हाडाच्या कडांना मेण लावायचं. हे सगळं आधी घोकलेलं लागतं. बाल्टिमोरच्या चमूने डोक्याला डोकं वेल्क्रोने चिकटवलेल्या बाहुल्यांवर तालीम केली होती, आणि इतक्या वर्षांनंतर, इतक्या यंत्रांनंतरही बाहुली हे साधन जुनं झालेलं नाही. शेवटचा धागा सुटला की दोन टेबलं कुणी कुठल्या दिशेने ओढायची, कुठल्या नळ्या कुणाच्या अंगाखालून जातील, हे व्हीआर चष्म्यात कळत नाही.

रक्ताचाही अंदाज द्यायला हवा. नऊ किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम ७०० मिलिलिटर रक्त असतं, अर्ध्या लिटरच्या दीड पिशवी दुधाइतकं. सायनसला, म्हणजे त्या मोठ्या शिरेला, छोटंसं भोक पडलं तर काही मिनिटांत त्यातला मोठा वाटा जातो. अशा शस्त्रक्रियांत अंगातलं सगळं रक्त अनेकदा बदललं जाण्याइतकं रक्त चढवावं लागू शकतं. रक्तपेढी शेजारच्या इमारतीत असणं आणि शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी असणं यातला फरक इथे कळतो.

त्वचेकडे वळू. दोन डोकी वेगळी झाली की दोन्हींवर ताटलीएवढी उघडी जागा राहते, आणि झाकायला टाळूची त्वचा पुरत नाही. म्हणून आधी टाळूखाली सिलिकॉनचे रिकामे फुगे ठेवतात. त्यांचं इंजेक्शनचं तोंड त्वचेखाली जरा बाजूला असतं. दर आठवड्याला एक-दोनदा बारीक सुईने थोडं सलाइन भरायचं. किती? आकड्यापेक्षा त्वचा काय सांगते ते बघायचं. फुग्यावरची त्वचा पांढरी पडली आणि बोटाने दाबून सोडल्यावर रंग परतायला वेळ लागला तर थोडं पाणी मागे काढायचं. घाई केली की त्वचा पातळ होऊन फुगा बाहेर डोकावतो, जंतू शिरतात, फुगा काढावा लागतो आणि सगळं वेळापत्रक काही महिने मागे जातं. आणखी एक चूक आधीच्या टप्प्यातच होऊन बसते. मेंदूच्या सर्जनने पहिल्या वेळी सोयीचा छेद घेतला आणि प्लास्टिक सर्जनला विचारलं नाही, तर शेवटी जी त्वचा फिरवून आणायची तिचाच रक्तपुरवठा तुटलेला असतो. लंडनची खरी बळकटी इथे आहे. दोन्ही खात्यांचे प्रमुख पहिल्या रेषेपासून एकत्र आखणी करतात. एखाद्या केंद्रात प्लास्टिक सर्जनला शेवटच्या दिवशी बोलावतात असं कळलं तर तिथून उठावं.

दिल्लीच्या एम्सकडे. ओडिशातल्या कंधमाळचे जगा आणि कालिया जुलै २०१७ मध्ये इथे दाखल झाले. डॉ. अशोककुमार महापात्रा आणि डॉ. दीपक गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली ऑगस्टमध्ये पहिला टप्पा झाला, त्यात शिरेला पर्यायी वाट करून दिली. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या टप्प्यात भाऊ वेगळे झाले. भारतात या प्रकारात असं यश पहिल्यांदाच मिळालं, आणि खर्च ओडिशा सरकारने उचलला. कुटुंबाच्या खिशाच्या दृष्टीने लंडनशी तुलनाच नको. दोनच टप्पे आणि मधे दोन महिने ही घाई होती का, असा प्रश्न पडतो. पण वाट करून दिलेली शीर जास्त दिवस उघडी राहील याचा भरवसा नसतो, त्यामुळे तो हिशेबही समजण्यासारखा आहे. त्वचेचा प्रश्न मात्र तिथेही आला. वेगळं झाल्यावर दोन्ही डोक्यांवरची मोठी जागा झाकणं हेच पुढचं आव्हान ठरलं. सप्टेंबर २०१९ मध्ये मुलं ओडिशात परतली. नोव्हेंबर २०२० मध्ये कटकच्या रुग्णालयात कालियाचा मृत्यू झाला.

यातून एम्सबद्दल उणा शेरा देणं अन्याय होईल. पण ‘वेगळे झाले’ या बातमीनंतरची वर्षं सेवेचाच भाग असतात. पाणी झिरपणं, मेंदूत पाणी साठून ते वाहून नेणारी नळी (शंट) बसवावी लागणं, फिट येणं, मूत्रपिंडांवरचा ताण, कवटीच्या उरलेल्या भोकाला हेल्मेट, मानेच्या स्नायूंना ताकद. आयुष्यात पहिल्यांदा पाठीवर सरळ झोपलेल्या मुलाला बसायला शिकवणारा फिजिओथेरपिस्ट. हे सगळं तालुक्याच्या गावात मिळणार नसेल, तर शस्त्रक्रियेआधीच जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या माणसांना दिल्लीला नेऊन शिकवलं पाहिजे. लंडनही साफा-मारवाच्या बाबतीत इथे नशिबाने तरलं. कुटुंबाला २०२० पर्यंत तिथेच राहता आलं.

माँटेफिओरीबद्दल थोडक्यात. पद्धतीचं घराणं तिथलंच. २०१६ मध्ये मॅकडॉनल्ड बंधूंची २७ तासांची शेवटची शस्त्रक्रियाही तिथेच झाली. पण गुडरिच ३० मार्च २०२० रोजी कोविडने गेले. एका माणसाच्या हातात इतकं ज्ञान असलं की तो गेल्यावर रुग्णालयाच्या जुन्या कीर्तीवर विसंबता येत नाही. आज तिथे कोण करतं, त्या माणसाने स्वतः किती केल्या, हे विचारायला संकोच नको.

आणि वेगळं न करणं हाही एक पर्याय आहे, त्याचीही सेवा असते आणि तिचंही परीक्षण व्हायला हवं. अमेरिकेतली डोक्याने जोडलेली जुळी भावंडं लोरी आणि जॉर्ज शॅपेल एप्रिल २०२४ मध्ये ६२ व्या वर्षी गेली. जॉर्जला चालता येत नसे, तो चाकाच्या उंच स्टुलावर बसे आणि लोरी तो ढकले. साधं स्टूल, पण उंची दोघांच्या मानेला जुळवलेली. तेलंगणाच्या डोक्याने जोडलेल्या वीणा-वाणी या बहिणींना २०१५ मध्ये जिलानी-डनावेंनी हैदराबादच्या निलोफर रुग्णालयात तपासलं, शस्त्रक्रिया झाली नाही. त्यांनी दहावी दिली, स्वतंत्र हॉल तिकिटांवर, आणि २०२२ मध्ये बारावी प्रथम श्रेणीत केली. पाटण्याच्या अशाच जोडलेल्या बहिणींचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१३ च्या निकालात शस्त्रक्रियेची सक्ती झाली नाही, दरमहा ५,००० रुपये आणि तपासण्या ठरल्या. रक्कम तुटपुंजी, पण निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. मुलं मोठी झाल्यावर, एकीचंच मूत्रपिंड दोघींचं काम करत असताना, वेगळं करणं हा बहुधा एकीचा निकाल असतो.

कुणाला खरोखर या केंद्रांशी पत्रव्यवहार करायचा असेल तर एक बारीक गोष्ट. स्कॅनच्या फिल्मचे मोबाइलवर काढलेले फोटो पाठवू नका. त्यावरून प्रतिकृती करता येत नाही, आणि दोन आठवड्यांनी तेच उत्तर येतं: मूळ फाइल पाठवा. रेडिओलॉजी विभागाकडून सगळ्या मालिकांची डायकॉम सीडी मागून घ्या, एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप असलेली, रंगद्रव्य शिरांत पोचल्यावरच्या चित्रांसकट. रंगद्रव्य कुठल्या बाळाला, कुठल्या हातात, कधी टोचलं ते कागदावर लिहून घ्या. सोबत दोघांच्या लघवीचं दिवसाचं माप स्वतंत्र लिहा. कुणाचं मूत्रपिंड किती काम करतंय, याचा पहिला सुगावा त्या वहीतून लागतो.